एक गागर शिल्लक

धनमाया चढ चढून वर आली, तेव्हा हृषीकेशनं मोबाइल आडवा धरून ठेवला होता. तिचा आनंद टिपायचा होता त्याला.

"कुमुदकाकू, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय," तो म्हणाला.

मी झाले बाजूला. कराडला भांड्यांच्या दुकानात माझं अर्धं आयुष्य गेलंय. वस्तू समोर आली की गिऱ्हाइकाचा चेहरा काय बोलतो, ते मला मोबाइलशिवाय कळतं.

धनमायानं पाठीवरची टोपली उतरवली. डोकं वर केलं. दोन दिवसांपूर्वी ती खालच्या बाजाराला डोळे तपासायला गेली, तेव्हा घरामागच्या शेताच्या तिन्ही पायऱ्यांवर नाचणी उभी होती. आता तिथं नुसती खुंटं होती आणि अंगणात चटईवर कणसांचा ढीग.

"सरप्राइज!" सगळे ओरडले. वैदेही तर दोन्ही हात तोंडावर ठेवून उड्या मारत होती. कल्पना तिचीच.

आमच्या दुकानात कधीकधी असं होतं. एखादी बाई नुसतं भांडं बघायला म्हणून येते आणि आमचा नोकर घाईघाईनं बिल फाडून तिच्या हातात देतो. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जे येतं, नेमकं तेच धनमायाच्या चेहऱ्यावर आलं.

"कसले गऱ्यो?" तिनं हळूच विचारलं. कुणी केलं?

"आम्ही! आम्ही सगळ्यांनी!" वैदेहीनं तिला मिठी मारली.

धनमायानं सगळ्यांना हात जोडले, एकेकाला वेगळे. मग ती आत गेली, चूल पेटवली आणि आम्हाला चहा करून दिला. साखर रोजच्यापेक्षा जास्त होती.

"भारावून गेलीय," हृषीकेश कुजबुजला. "शब्दच नाहीत तिच्याकडे."

मी चहा संपवला. शब्द नव्हते, हे खरं होतं.

इथं मी काय करत होते, ते सांगते. भूकंपानंतरचा दुसरा हिवाळा होता. नेपाळमधल्या गोरखा जिल्ह्यातलं सिमलडांडा हे गुरुंग लोकांचं गाव. भूकंपात तिथला झरा सरकला आणि शाळेचं पाणी तुटलं. नव्या झऱ्यापासून शाळेपर्यंत नळ टाकायला चर खणायचा, म्हणून पुण्याच्या एका ट्रस्टनं सहा जणांना तीन आठवड्यांसाठी पाठवलं होतं. पुढारी हृषीकेश लोहोकरे. कंपन्यांमध्ये जाऊन लोकांना व्यक्तिमत्त्व शिकवणं हा त्याचा धंदा. वैदेही कॉलेज नुकतंच संपवलेली, हाताला फोड आले तरी टिकाव न सोडणारी. बाकी तिघं सज्जन होती, त्यांचं या गोष्टीत काम नाही.

आणि मी. मी सेवा करायला गेले नव्हते. मी दमले होते. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला होत्या, त्याच वर्षी गेल्या. दिराची दोन मुलं शिकायला आमच्याकडेच. दुकान मी बघायचे आणि आमचे हे गल्ल्याशेजारी बसून पेपर बघायचे. घरात कुठलंही काम निघालं की एकच वाक्य ऐकू यायचं, "कुमुद आहे ना!" ट्रस्टचं पत्रक दुकानात कुणीतरी विसरून गेलं होतं. ते वाचून मला एवढंच समजलं की तीन आठवडे आपल्याला कुणी हाक मारणार नाही. मी नाव दिलं.

"परदेश?" आमचे हे म्हणाले. "पासपोर्ट लागत नाही तो कसला परदेश!"

हाकेचं म्हणाल, तर पहिल्याच दिवशी हृषीकेशनं सगळ्यांना गोल बसवलं, कामं वाटली आणि माझ्याकडे वळून गोड हसला. "काकू, जेवणाचं तुम्हीच बघा ना. तुमच्या हाताला सवय आहे."

तर मी गोरख्याच्या डोंगरात सहा जणांचा स्वयंपाक करत होते. रोज सकाळी पुन्हा गोल बसायचं आणि प्रत्येकानं सांगायचं, काल माझ्यात काय बदल झाला. हृषीकेशमध्ये तर रोज बदल व्हायचा, दूधवाल्यासारखा न चुकता. माझी पाळी आली की मी म्हणायचे, "काल डाळ होती, आज कोबी." वैदेही हसू दाबायची. हृषीकेश वहीत काहीतरी लिहायचा.

आम्ही राहायचो धनमायाच्या घरी. ती माझ्याच वयाची, विधवा. मुलगा कतारला. तोही फोनवर म्हणायचा, आई, जमीन काढून टाक आणि खाली बाजारात खोली घेऊन राहा. ती म्हणायची, मला पायऱ्या चढल्याशिवाय झोप येत नाही. हे सगळं आम्हाला मनबहादूरकडून कळायचं. मनबहादूर आमचा दुभाषा. कोल्हापूरला एका खानावळीत बारा वर्षं भाकऱ्या थापून गावी परतलेला. त्याची मराठी ऐकली की मला घाट उतरून माहेरी आल्यासारखं वाटायचं. आम्ही नाचणी कापली त्या दोन दिवसांत तोही नेमका पाइप आणायला खाली गेला होता. तो असता तर ही गोष्ट घडलीच नसती.

कापणी चालू असताना एकदा पूर्णीदिदी बांधावरून गेली होती. पूर्णीदिदी म्हणजे गावातली जाणती बाई, कमरेत वाकलेली, पण नजर सरळ. ती थांबली, आमच्याकडे बघत राहिली आणि काहीतरी विचारलं. कुणालाच कळलं नाही. वैदेहीनं विळा उंचावून "नमस्ते!" म्हटलं. पूर्णीदिदी निघून गेली.

धनमाया आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्णीदिदीच्या शेतात कापणी होती. आमचा चर त्या शेताच्या वरून जायचा. मी चहाची किटली घेऊन चरावर गेले होते, म्हणून मला दिसलं. खाली आठ-दहा बायका ओळीनं वाकल्या होत्या. गाणं चाललं होतं. धनमाया कमरेला विळा खोचून आली आणि ओळीच्या टोकाला उभी राहिली.

गाणं थांबलं. पूर्णीदिदी उठली, धनमायाचा हात धरला, तिला झाडाखाली नेलं, बसायला चटई टाकली आणि पेल्यात चहा दिला.

"किती प्रेमानं वागतात ना एकमेकींशी!" वैदेही म्हणाली.

सगळ्या जावा कामाला लागलेल्या असताना एकीलाच कुणी पाट मांडून दिला, तर ते काय असतं, ते वैदेहीला लग्न झाल्यावरच कळणार होतं. धनमाया चहा न पिता बसून राहिली. मग उठली आणि विळा पदराखाली झाकून घरी गेली.

मनबहादूर दुपारी पाइप घेऊन आला. मी त्याला चुलीपाशी बोलावलं आणि सगळं सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला.

"ताई, लई घोळ घातलासा की ओ तुमी!"

"कसला घोळ? पीक कापलं तिचं. कणीस वाया घालवलं नाही."

"पीक न्हवं ओ. पर्म मोडला."

"पर्म म्हणजे?"

"आता कसं सांगू? मी तुमच्या रानात एक दिवस, तुमी माझ्या रानात एक दिवस. पैसा न्हाई, पावती न्हाई. हातानं घेतलं ते हातानं फेडायचं."

"अरे, म्हणजे सावड!"

"तेच की!" तो खूश झाला. "कोल्हापुरातबी हाय?"

होती. माझं माहेर पाटणच्या वरच्या अंगाला. वडिलांचा एक बैल आणि शेजारच्या बाबुराव शेलारांचा एक, मिळून जोडी. पेरणी सावडीनं, नाचणीची लावणी सावडीनं. वडील म्हणायचे, ज्यानं सावडीचा दिवस बुडवला, त्याच्या मयताला लोक जातात पण पेरणीला जात नाहीत. हे सगळं मला पाठ होतं आणि तरी मी दोन दिवस विळा चालवला होता. कराडच्या बाजारात राहून माणूस फक्त बिलं ओळखायला शिकतं.

मनबहादूरनं उलगडून सांगितलं. धनमायानं या हंगामात पाच घरी एकेक दिवस काम केलं होतं. त्या पाच जणी तिच्या नाचणीला येऊन ते फेडणार होत्या. आता शेत रिकामं. त्यांनी फेडायचं कुठं? आणि वरून धनमायावर आमचं चढलं. ज्या घराचं येणं अडकलंय आणि देणंही अडकलंय, त्याला ओळीत कसं घ्यायचं? पूर्णीदिदीनं अपमान केला नव्हता. पाहुणी म्हणून बसवलं होतं, कारण दुसरं कुठं बसवावं ते तिलाही सुचेना.

"मग आता?"

"कापणी संपली की बायका बसत्यात. ज्येंचं समदं मिटलंय, त्येंची आषाढातल्या भातलावणीची पाळी ठरती. धनमायादिदीचं मिटायचं न्हाई. मग एकली बाई भात लावणार कशी?" त्यानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "पोरगा म्हनतोय ते करावं लागंल. इकून खाली."

संध्याकाळी मी हृषीकेशला हे सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पडला. मला त्याची कीव आली. तो वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं लवकर उजळायला हवं असायचं.

"आपण जाऊन सगळ्यांची माफी मागू," तो म्हणाला. "गोल बसू. मन मोकळं करू."

"त्यांना चहा करावा लागेल तेवढ्यांचा."

"मग फंडातून सगळ्या घरांना ब्लँकेट देऊ."

"आता एका घरावर चढवलंय, मग गावावर चढवा."

"मग लावणीला आपण मजुरांचे पैसे..."

"हृषीकेश," मी म्हटलं, "एक नवीन काही देऊ नकोस बाबा. देणं थांबव आधी."

वैदेही कोपऱ्यात रडत होती. "मला वाटलं, ती खूश होईल. ती रोज माझ्या केसांना तेल लावते. मला काहीतरी करायचं होतं तिच्यासाठी."

"तिनं तेल लावलं, तू तिचं पाणी भरत होतीस. ते चाललं होतं की बरोबर."

"ते तर असंच..."

"असंच काही नसतं ग पोरी," मी म्हटलं आणि भांडी आवरायला उठले. माझ्याशिवाय कोण आवरणार होतं?

भांडी घासता घासताच मला सुचलं. व्यापारात हे रोजचं. माझं येणं तुझ्याकडे, माझं देणं त्याच्याकडे, तर तू परस्पर त्याला दे आणि मला मोकळं कर. याला वळती म्हणतात. पाच बायकांचं धनमायाला देणं आहे. धनमायाचं आम्हाला. मग त्या पाच जणींनी आमच्या शेतात यावं. आणि आमचं शेत म्हणजे तो चर. दहा दिवस उकरून अजून अर्ध्यावर न आलेला.

दुसऱ्या दिवशी मनबहादूरला घेऊन मी पूर्णीदिदीच्या घरी गेले. हृषीकेशला मुद्दाम आणलं नव्हतं, तरी तो आला. पाच जणी बसल्या होत्या. धनमाया दाराशी, आत नाही आणि बाहेर नाही. मी माझं म्हणणं मांडलं, मनबहादूरनं ते तिकडच्या भाषेत ओतलं. पूर्णीदिदी तंबाखू मळत होती.

"हे सहा जण दोन दिवस होते," ती शेवटी म्हणाली. "म्हणजे बारा दिवस झाले. आम्ही पाच जणी."

"तेच तर," हृषीकेश पटकन म्हणाला. "बाकीचं आम्ही सोडून देतो!"

मनबहादूरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यानं ते भाषांतर केलंच नाही.

पूर्णीदिदीनं तंबाखू दाढेखाली धरली आणि पुढं बोलली. मनबहादूरला हसू आवरेना.

"काय म्हणते?"

"म्हनती, तुमचा दिवस आनि आमचा दिवस येक न्हाई. बघितलंय मी ह्यास्नी कापताना. येक जन कापतंय, येक जन फोटू काढतंय. तिसरी कनसाला मिठी मारून बसलीया. तुमच्या दोन दिवसांचा आमचा येक."

बायका पदराआड हसल्या. हृषीकेश लाल झाला. "आम्ही मनापासून..."

"गप बस रे," मी म्हटलं. घासाघीस सुरू झाली आणि मला फार बरं वाटलं. पाहुण्याशी कुणी घासाघीस करत नाही. "दिदीला सांग, दोनाला एक कसं? दुसऱ्या दिवशी पोरांचा हात बसला होता. मी स्वतः नाचणीत वाढलेय. माझा दिवस पुरा धरा."

पूर्णीदिदीनं माझे हात मागितले. मी पुढं केले. तिनं ते उलटेपालटे करून बघितले, अंगठ्याखालचा घट्टा दाबला.

"हे विळ्याचं नाही," ती म्हणाली. "भांड्यांचं आहे."

"भांड्यांचंच आहे."

"मग तूही अर्धीच."

ठरलं. बाराचे सहा झाले. पाच जणी एकेक दिवस चरावर येतील. उरला एक. तो धनमायानं स्वतः फेडायचा. धनमाया दाराशी होती, ती उंबरा ओलांडून आत येऊन बसली. कुणी तिला पेला दिला नाही. पूर्णीदिदीनं भुईमुगाच्या शेंगा तिच्यापुढं ढकलल्या आणि सगळ्यांबरोबर सोलायला लावल्या.

पाच जणी दुसऱ्या दिवशी एकदमच आल्या. उन्हं वर यायच्या आत त्यांनी चराची दिशाच बदलली, कारण आम्ही जिथून नेत होतो तिथं खाली खडक होता, हे आम्ही सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. "मग इतके दिवस सांगितलं का नाही?" हृषीकेशनं विचारलं. मनबहादूर म्हणाला, "सर, तुमी इचारलं कुठं? आमास्नी वाटलं, व्यायाम करत्यात." हृषीकेश टोपली उचलून माती वाहायला लागला. त्या दिवशी त्यानं मोबाइल खिशातून काढला नाही. एवढं त्याच्या खात्यावर मी जमा धरते.

मी भाज्या चिरायला बसले होते. धनमाया आली. स्वच्छ पातळ, डोक्याला रुमाल बांधलेला, कामावर निघाल्यासारखी.

"तिम्रो काम के?" तिनं विचारलं. तुझं काम काय? एवढी नेपाळी मला कळायला लागली होती.

"माझं काम?"

"चर त्यांचा. तुझा नाही. माझा एक दिवस तुझ्याकडे आहे. तुझं काम सांग."

मी चुलीकडे, भाज्यांकडे, पाण्याच्या गागरीकडे हात फिरवला. हेच माझं काम.

तिनं माझ्या हातातली सुरी घेतली. मला दंडाला धरून उठवलं, बाहेरच्या ओट्यावर नेलं आणि घोंगडीवर खाली दाबलं.

"बस," ती म्हणाली.

बसणं त्यांच्या भाषेतही तेच आहे.

मी बसले. समोर डोंगर होते. त्यामागं आणखी, आणि सगळ्यांच्या वर पांढरं काहीतरी, जे मी इतके दिवस भात ओतू जाईल म्हणून नीट बघितलंच नव्हतं. आतून चिरण्याचा आवाज येत होता. कांदा जाड चिरतेय, हे मला ऐकून कळलं. उठून सांगावं असं वाटलं. उठले, तर ती दारात उभी. "बस."

माणसाला बसता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. पाय हलत होते. हात एकमेकांना शोधत होते. कुणी आपलं काम करतंय आणि त्याचे उपकार नाहीत, तो आपलाच दिवस परत येतोय, असं माझ्या बाबतीत कधी झालंच नव्हतं. घरी मी सासूबाईंची सहा वर्षं केली, दिराची पोरं केली, दुकान केलं. कुणाच्या मनात तो दिवस माझ्या नावे लिहिलाच गेला नव्हता. मागायचं तरी कुणाकडे? आणि ही बाई, जिच्याकडे मी अर्धीमुर्धी नाचणी कापली, ती एका दिवसाच्या हिशोबापायी तीन दिवस धड जेवली नव्हती.

ऊन सरकत गेलं. मी बहुतेक झोपलेही. डोळ्यांतून पाणी आलं असेल तर ते उन्हानं.

दुपारी सगळे जेवून परत चरावर गेले. धनमायानं भांडी घासली, चूल सारवली. गागर रिकामी झाली होती. तांब्याची जुनी गागर, काठाला दोनदा डाग दिलेला. पहिल्या दिवशीच मी मनात तिचं वजन करून ठेवलं होतं, सवयच ती. धनमाया राख टाकायला मागं गेली.

आमच्या माहेरी शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीत. वाटी आली तर वाटीत चिमूटभर साखर, मूठभर तांदूळ, काहीतरी. मी लहानपणी आईला विचारलं होतं, "अगं, आपण तिचं दिलं की, मग वर हे कशाला?" आई म्हणाली होती, "म्हणजे तिला पुन्हा यावं लागेल."

मी उठले. गागर उचलली, गावच्या टाकीवरून भरून आणली आणि तिच्या उंबऱ्यावर ठेवली. मग ओट्यावर जाऊन साळसूदपणे बसले.

धनमाया आली. भरलेली गागर बघितली. माझ्याकडे बघितलं. मी डोंगर बघत होते.

"यो के?" ती म्हणाली. हे काय?

"पाणी."

तिनं कमरेवर हात ठेवले. तिला कळलं. आता माझी एक गागर वर झाली होती. आदल्या दिवसापासून पाच घरांत फिरून मिटवलेलं सगळं पुन्हा उघडलं होतं. ती रागावेल असं वाटलं. पण ती आधी गालातल्या गालात आणि मग एवढ्या मोठ्यानं हसली की पलीकडे चरावर पूर्णीदिदीनं मान वर करून बघितलं.

आषाढात तिची पाळी लागली, दुसरीच. मनबहादूरनं फोनवर सांगितलं. जमीन विकली नाही. शाळेत पाणी आलं. हृषीकेशनं त्या तीन आठवड्यांवर पुण्यात भाषणं दिली. मलाही एकदा बोलावलं, "काकू, तुमच्यात काय बदल झाला ते सांगा." मी म्हटलं, त्या दिवशी दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक आहे. ते खरंच होतं.

याला आता आठ वर्षं झाली. गेल्या माघात माझा गुडघा बदलला. मनबहादूरला ते मी फोनवर आधीच सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले, महिनाभर ओट्यापाशी उभं राहायचं नाही. घरात सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. "कुमुद आहे ना," असं म्हणायची सोय राहिली नव्हती. पाचव्या दिवशी दारात रिक्षा थांबली. मनबहादूर उतरला, त्याला पुढं कोल्हापूरला जायचं होतं. मागून एक म्हातारी होत चाललेली बाई, डोक्याला रुमाल, हातात नाचणीच्या पिठाची पिशवी.

"कोण गं या?" आमच्या ह्यांनी पेपर खाली करून विचारलं.

"माझी एक गागर आहे हिच्याकडे," मी म्हटलं.

ती महिनाभर राहिली. कांदा अजून जाडच चिरते. मी उठायला लागले की स्वयंपाकघरातून एकच शब्द यायचा, "बस." दिराचा धाकटा मुलगा, जो कधी स्वतःचं ताट उचलत नव्हता, तो तिच्याकडे बघून उचलायला लागला. तेवढ्यावर मी काही म्हणत नाही. ती जायला निघाली, तेव्हा आमचे हे माझ्या कानाशी आले. "महिनाभर केलं गं तिनं. काय द्यायचं? साडी? की पाकीट?"

"काही देऊ नका," मी म्हटलं. "तिला काही देऊन मोकळे होऊ नका."

रिक्षा आली. धनमायानं सगळ्यांना हात जोडले, एकेकाला वेगळे. मग ती चपला काढून परत आत गेली. मला वाटलं, काही विसरली. नळाचा आवाज आला. ती बाहेर आली, ती आमची दुकानातली तांब्याची कळशी भरून घेऊन. ती तिनं माझ्या उंबऱ्यावर ठेवली, माझ्या नव्या गुडघ्याकडे बोट दाखवलं आणि हसत रिक्षात जाऊन बसली.

रिक्षा वळेपर्यंत मी उभी होते. मग कळशीला काठीचं टोक लागू न देता आत आले आणि ह्यांना म्हटलं, "आषाढात नेपाळला जायला गोरखपूरची गाडी कोणत्या वारी असते, ते बघा जरा."